फोनमधल्या आठवणींना दाखल क्रमांक द्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी उतरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर दोन गोष्टी वाळत होत्या, गाद्या आणि फोटो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. गाद्यांचं काय करायचं ते घरोघरी ठाऊक होतं. फोटोंचं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आईच्या लग्नाचा अल्बम प्लास्टिकच्या पाकिटांचा. आम्ही एकेक फोटो पाकिटातून ओढून काढला आणि चिमटे लावून दोरीवर उन्हात टांगला. दोन्ही चुका. ओला फोटो प्लास्टिकला धरला असेल तर तो पाकिटासकट स्वच्छ गार पाण्यात सोडायचा, आपोआप सुटू द्यायचा, आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत पसरायचा. एवढी साधी गोष्ट मला चार वर्षांनी कळली, तीही अभ्यासाच्या निमित्ताने. त्या आठवड्यात एखाद्या चौकात हे सांगणारं कुणी उभं असतं तर किती घरांतले चेहरे वाचले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

रंगीत फोटोच्या कागदावर रंगाचे तीन थर असतात. वर निळसर, मध्ये किरमिजी, तळाला पिवळा. पाणी वरून खात जातं, म्हणून पुरातल्या फोटोची कड आधी लाल होते, मग पिवळी, मग कोरी. आईच्या लग्नातल्या एका फोटोत ही झीज डावीकडून आत शिरली आहे. बाबांचा अर्धा फेटा गेलाय. आई शाबूत आहे, खाली मान घालून उभी. तिच्या पायाशी काहीतरी पितळी होतं, तिथे आता पिवळा डाग आहे.

मी चित्रं काढते आणि सध्या ग्रंथालयशास्त्र शिकते आहे. एके दिवशी मी त्या फोटोवर बटर पेपर ठेवला आणि आईला विचारलं, इथे काय होतं गं? आई म्हणाली, समई. तिने सांगितली तशी, पाच वातींची, मी पेन्सिलीने काढली. भाऊबीजेला मामा आला. त्याने कागद हातात घेतला, निरखून पाहिला आणि म्हणाला, "आक्का, समई कुठली? परात हाय ती. पाय धुवायला ठेवलेली. मीच आणली हुती की माजघरातनं." आई ऐकेना, मामा ऐकेना. मग मी दुसरा बटर पेपर घेतला आणि त्यावर परात काढली. तेव्हापासून त्या एका फोटोबरोबर दोन कागद आहेत.

या दोन कागदांची जागा कुठे? माझं उत्तर आहे, सार्वजनिक ग्रंथालयात. घराघरांतल्या आठवणी, ज्या आता बहुतेक फोनमध्ये असतात, सांभाळण्याची जबाबदारी गावच्या वाचनालयाने घ्यायला हवी. वाचनालयाच्या वहीत नोंदताना पुस्तकाला मिळतो तसा दाखल क्रमांक त्यांनाही मिळायला हवा. आणि हे काम करणाऱ्या ग्रंथपालाला संगणकाबरोबर चित्र काढायला, माणसाचं ऐकून घ्यायला आणि ऐकलेलं मांडायलाही शिकवायला हवं. हा उत्साहाच्या भरात सुचलेला उपक्रम वाटेल, पण ग्रंथालयाच्या मूळ कामातच तो बसतो असं मला मनापासून वाटतं.

आधी फोनचं बोलू. आजीचा अल्बम काळ्या जाड पानांचा होता, त्रिकोणी कोपऱ्यांत अडकवलेले ३१ फोटो. पुरातून ते बहुतेक सुटून निघाले. त्यातला प्रत्येक फोटो कुणी काढला, कुणाच्या अंगावरची साडी कुणाकडून मागून आणली होती, इथपर्यंत आजी सांगायची. आईच्या फोनमध्ये आज १४ हजारांवर फोटो आहेत. सुप्रभातची फुलं, विजेचं बिल, औषधाची चिठ्ठी, कुणाच्या तरी बारशाचे एकसारखे चाळीस फोटो, आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी दवाखान्याच्या खाटेवर उठून बसलेली आजी, हसणारी. आईला तो फोटो हवा असतो तेव्हा ती मला हाक मारते. दोघी मिळून बोट वर-खाली फिरवत बसतो. कधी सापडतो, कधी नाही. १४ हजार फोटो असूनही आपल्याकडे तो एक नाही, असं तिला वाटत राहतं, आणि तिचं चुकत नाही.

फोटो हरवण्याच्या आधी त्याची माहिती हरवते. फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, वेळ, कधी ठिकाणही लिहिलेलं असतं. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पुढे पाठवला की आकाराने आक्रसतो आणि पोटातली ही माहिती पुसली जाते. (डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. हे एवढं तरी आपापल्या घरात सांगून ठेवा.) काकांकडून आत्याकडे, आत्याकडून आपल्याकडे आलेला १९९८ च्या जोतिबाच्या यात्रेचा फोटो आपल्या फोनमध्ये गेल्या मंगळवारची तारीख घेऊन बसतो. दहा वर्षांनी नातवाला तीच तारीख खरी वाटेल.

कॅमेऱ्याचंच असं नाही. आजोबांच्या पंचाहत्तरीला घरच्यांनी एक पुस्तिका छापली होती, नातेवाइकांनी लिहिलेल्या आठवणींची. डीटीपीवाल्याने सीडी दिली होती, ती आम्ही पंधरा वर्षं जपली. गेल्या वर्षी सीडी वाचणारा संगणक शोधण्यातच आठवडा गेला, आणि फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि चौकोन. मजकूर युनिकोडच्या, म्हणजे आज सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला होता. तो फॉन्ट नाही तर ती मराठी नाही. त्या काळातल्या लग्नपत्रिका, दिवाळी अंक, मंडळांच्या स्मरणिका अशाच कुठे कुठे पडून असतील. डोळ्यांसमोर असून न वाचता येणारी मराठी. मोडी वाचणारं आज तरी कुणी भेटतं. या फाइली वाचणारं तेवढंही कुणी मिळणार नाही.

यावर लोक सांगतात, सगळं क्लाउडवर असतं, काळजी कशाला? क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा संगणक. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आपल्याकडच्या एका पिढीचं कॉलेज तिथे होतं. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून थांबली. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसून टाकण्याचं धोरणही गूगलने जाहीर केलेलं आहे. कंपनीच्या हिशोबात ते रास्त असेल. पण घरात त्याचा अर्थ काय होतो बघा. माणूस गेलं की त्याचं खातं वापरात राहत नाही. पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. वर्षश्राद्ध होतं, दुसरं वर्ष सरतं, आणि ज्याची आठवण काढायची त्याच्याच हातचे फोटो आणि आवाज पुसले जाण्याच्या रांगेत लागतात. कंपनीचा आपल्याशी असलेला करार ग्राहकाचा आहे. वाचनालयाचा करार गावाशी असतो.

कोल्हापूरला हरवण्याचं दुःख नवं नाही. बाबूराव पेंटरांनी इथे काढलेला १९२० चा 'सैरंध्री' हा चित्रपट आज पाहायला मिळत नाही. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले तेव्हा चित्रकार आबालाल रहिमान यांनी आपली पुष्कळ चित्रं पाण्यात सोडली, असं इथे आजही सांगतात. १९४८ च्या दंगलीत चित्रपटांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्या रात्री तिथे उभी असलेली वयस्क माणसं एकमेकांना आपण पाहिलेली नाटकं सांगत होती. कुणी कुठल्या रांगेत बसलं होतं, मध्यंतरात वडा कुठे मिळायचा, कुणाचं पहिलं पाऊल त्या रंगमंचावर पडलं. ते बोलणं कुणी टिपून घेतलं नाही. मीही नाही, माझ्या हातात फोन होता आणि मी ज्वाळांचा व्हिडिओ काढत होते. इमारत पुन्हा उभी करण्यासाठी माणसं झटतात आणि झटायलाच हवं. पण त्या इमारतीत बसून गेलेल्या माणसांचं नाटक त्यांच्या डोक्यात आहे, आणि त्यासाठी कुठलीही निविदा निघत नाही.

हे काम वाचनालयाचंच का, याचं उत्तर कोल्हापूरच्याच इतिहासात आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि असा कायदा देशात तो पहिलाच. मद्रासचा १९४८ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. सामान्य माणसाच्या वाचनाची जबाबदारी सरकारने घ्यायची असते, हे या शहराला स्वातंत्र्याच्या आधी कळलं होतं. त्या काळी पुस्तक विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून वाचनालय लागलं. आज फोटो काढणं कुणाच्याही आवाक्यात आहे, तो टिकवणं मात्र फार थोड्यांच्या. गरज बदलली की संस्थेने हात पुढे करायचा असतो. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडणाऱ्या रंगनाथन यांचं पाचवं सूत्र आम्ही पहिल्याच महिन्यात पाठ करतो, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. परीक्षेत त्यावर दहा ओळी लिहिता येतात. ती वाढ कुठल्या दिशेला, हा प्रश्न मात्र पेपरात येत नाही.

आता कलेचं. माझ्या वर्गातल्याच काही जणांना हे पटत नाही. ते म्हणतात, स्कॅन कर, नोंद कर, झालं. यात बटर पेपर कशाला? गेल्या वर्षी मी ओळखीच्या काही बायकांना कागद-पेन्सिल दिली आणि म्हटलं, लहानपणीच्या घराचा नकाशा काढा. एका मावशींचं बालपण ऊसतोडीच्या फडावर गेलेलं, दर हंगामाला नवी कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. त्यांनी एकाच कागदावर सहा कोप्या काढल्या. सहाही सारख्या, फक्त चुलीची जागा प्रत्येकीत वेगळी. मी विचारलं, असं का? म्हणाल्या, "वारं जिकडनं, चूल तिकडं नाही मांडायची. पाचट पेटतंय." मग एका कोपीशेजारी त्यांनी छोटा गोल काढला. बराच वेळ त्यावर पेन्सिल फिरवत राहिल्या. तो त्यांच्या धाकट्या भावाचा पाळणा, साडीचा, दोन बांबूंना बांधलेला. लहानपणीचा एखादा फोटो आहे का, असं मी विचारून गेले. "मतदानाच्या कार्डावर निघाला त्यो पहिला," त्या म्हणाल्या.

आपण डिजिटायझेशन म्हणतो तेव्हा जे आधीपासून कागदावर आहे तेवढंच धरून चालतो. ज्यांच्या घरी कॅमेरा होता, अल्बम होता, ट्रंकेत पत्रं होती, त्यांचीच आठवण पुन्हा एकदा जपली जाते. ज्या शहरातून १९०२ साली मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला, त्या शहरातल्या वाचनालयाने एवढ्यावर थांबावं का? कोपीचा फोटो नाही. पण चित्र काढून घेता येतं, आवाज टिपता येतो, आणि ते चित्र फोटोइतकंच अस्सल कागदपत्र आहे. वाऱ्याप्रमाणे हलणारी चूल कुठल्या कॅमेऱ्यात आली असती? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायकांना कुणी कवी म्हणून नोंदलं नव्हतं. कुणीतरी जात्याशेजारी बसून ऐकलं, म्हणून आज त्या आपल्याकडे आहेत. शेजारी बसणं हे कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं. मला ते चित्रकलेने शिकवलं. आकृती काढायची तर आधी खूप वेळ नुसतं बघावं लागतं, आणि आपल्याला जे दिसावंसं वाटतं ते बाजूला ठेवावं लागतं. आमच्या अभ्यासक्रमात वर्गीकरण आहे, तालिकीकरण म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं आहे, संगणकप्रणाली आहेत; समोरच्या बाईला तिच्या आठवणीसाठी वेळ कसा द्यायचा हे नाही. या शहरात चित्रकला शिकवणाऱ्या संस्था आहेत, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. ग्रंथालयाच्या विद्यार्थ्यांनी एक सत्र तिथे जाऊन रेखाटन करावं, एवढी सोय करायला नवा कायदा लागत नाही.

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा पैशाचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. राज्यातल्या मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. ड वर्गाच्या गावात ग्रंथपालाला जे हाती पडतं त्यात त्याचं घर चालत नाही. अशा माणसाच्या गळ्यात आणखी एक काम घालणं अन्यायच आहे. म्हणून सुरुवात जिल्हा आणि तालुक्याच्या मोठ्या वाचनालयांपासून करावी, आणि वेगळ्या पदासाठी वेगळं अनुदान मागावं. स्कॅनर, दोन हार्डडिस्क, आवाज टिपायला एक बरा फोन, यांचा खर्च एखाद्या मोठ्या समारंभाच्या मांडवापेक्षा कमी येतो. महाग आहे तो माणसाचा वेळ, आणि तोच आपण आजवर द्यायचं टाळलं आहे.

हे पुराभिलेखागाराचं काम आहे असंही कुणी म्हणेल. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी दप्तरं आहेत, आणि त्यांचं मोल मोठं आहे. पण तिथे जपले जातात ते मुख्यतः राज्यकारभाराचे कागद. माझ्या आईची परात त्यात येत नाही.

खासगीपणाचा प्रश्न मात्र मला रात्री जागवतो. फोटो कुणाचा? काढणाऱ्याचा, की त्यात दिसणाऱ्याचा? मोडलेल्या लग्नाचा अल्बम नवऱ्याच्या भावाने आणून दिला तर घ्यायचा का? माझं मत ठाम आहे: त्या बाईला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, मग तो कितीही देखणा असो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा संमतीला महत्त्व देतो. पण कायदा नसता तरी वाचनालयाने एवढं पाळायला हवं होतं. प्रत्येक वस्तूबरोबर साध्या मराठीत एक चिठ्ठी असावी: कुणाला दाखवायचं, किती वर्षांनी दाखवायचं, परत मागितलं तर काय. आणि देणाऱ्याचं मन बदललं तर वस्तू निमूट परत द्यावी. वाचक कुठलं पुस्तक नेतो हे ग्रंथपाल चारचौघांत सांगत नाही. आमच्या पेशाला गुपित राखण्याची सवय जुनी आहे, तीच इथे कामी येईल.

एका घरातून किती घ्यायचं? मी म्हणते, वीस वस्तू. १४ हजार नकोत. वीसच घ्यायच्या म्हटलं की घरात बोलणं सुरू होतं. कुठला ठेवायचा, कुठला नाही, आजी हसतेय तो की लुगड्यातला? आमच्या घरी आम्ही हे करून पाहिलं. तीन रविवार लागले, एकदा भांडण झालं, आणि बाबांनी आधी कधीच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली, जी मी इथे लिहिणार नाही. निवडलेल्या प्रत्येक वस्तूबरोबर एखाद्या मिनिटाचा आवाज घ्यायचा, वस्तू देणाऱ्याच्या बोलीत. मग नोंद. डब्लिन कोअर नावाची नोंदीची जी पद्धत जगभर चालते तिच्यात १५ रकाने आहेत, आणि कुठलाही रकाना हवा तितक्या वेळा भरता येतो. म्हणजे एकाच फोटोला दोन वर्णनं देण्याची सोय आधीपासून आहे. आड येते ती एकच खरं उत्तर लिहिण्याची आमची सवय.

पुढचं काम ग्रंथपालाच्या ओळखीचं आहे. तीन प्रती करायच्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर ठेवायच्या, आणि एक प्रत पूररेषेच्या बाहेर, दुसऱ्या गावच्या वाचनालयात पाठवायची. दरवर्षी आपण ग्रंथपडताळणी करतो, तशी फाइलींचीही करायची. प्रत्येक फाइलचा एक आकडी ठसा काढून ठेवता येतो. वर्षाने पुन्हा काढला आणि जुळला नाही तर ती फाइल बिघडली, दुसऱ्या प्रतीवरून नवी करायची. कपाटाला वाळवी लागली का हे जसं बघतो तसंच हे.

परवा वर्गात दाखल नोंदवही भरायचा सराव होता. दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, शेरा. मी घरून आणलेल्या तीन वस्तू भरल्या, एक फोटो आणि दोन बटर पेपर. फोटो कुणी काढला ते आईला आठवत नाही, म्हणून लेखकाची जागा रिकामी ठेवली. किमतीच्या रकान्यात, देणगी आलेल्या पुस्तकाला लिहितात तसं, 'भेट' लिहिलं. शेऱ्याची जागा अरुंद असते, त्यात बारीक अक्षरात बसवलं: डावीकडचा भाग पुरात गेला, २०१९. पायाशी समई, बहिणीच्या सांगण्यावरून. पायाशी परात, भावाच्या सांगण्यावरून.